टाक, ब्रश आणि वाळायचा धीर: शाई-रंगात कॉमिकचं एक पान कसं करायचं

माझं पहिलं कॉमिकचं पान रंगवताना अक्षरशः वाहून गेलं. तीन रात्री जागून इंकिंग, म्हणजे पेन्सिलवर शाईच्या रेघा, केलं होतं, सकाळी उठून आकाशाला निळा वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातला पातळ रंग, मारला आणि बघता बघता सगळ्या काळ्या रेषा जांभळट होऊन पसरल्या, कारण मी वापरलेली शाई वॉटरप्रूफ नव्हतीच. हे तपासायला कागदाचा एक तुकडा पुरतो पण तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर बरीच पानं वाया घालवून एक गोष्ट डोक्यात बसली की या कामात चित्र येणं अर्धंच, उरलेलं अर्धं म्हणजे काय आधी, काय नंतर आणि मधे किती वेळ गप्प बसायचं. त्यात मी कोकणात राहते, इकडे जुलैमधे टॉवेल दोन दिवस वाळत नाही तिथे शाईचं काय घेऊन बसलात.

तर आपण एकच पान पहिल्यापासून शेवटपर्यंत करू. गोष्ट साधी घेतलीये: एसटी स्टँड, धो धो पाऊस, हातात कापडी पिशवी घेतलेली आजी आणि शेजारी दप्तरवाला मुलगा. गाडी येते, आजी छत्री उघडायला जाते, छत्री अडकते, मग उलटी होते, आणि शेवटी आजी पिशवीतल्या जुडीतनं एक मोठं अळूचं पान काढून पोराच्या डोक्यावर धरते. सहा चौकटी, संपलं. पहिलं पान असंच छोटं घ्या, बारा पानांची महागाथा नको, ती दुसऱ्या पानावर बंद पडते, अनुभव आहे.

सामान

कागदावर कंजूषी करू नका, बाकी सगळ्यावर करा. वॉटरकलर लावायचाय तर ३०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तर कागद जाड) ए३ वॉटरकलर पॅड घ्या. त्यात कोल्ड प्रेस म्हणजे खरखरीत आणि हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत. निब गुळगुळीतवर छान पळते, खरखरीतवर अडखळते आणि शाईचे शिंतोडे उडवते, पण रंग खरखरीतवर जास्त सुंदर बसतो, त्यामुळे निबचं काम जास्त असेल तर हॉट प्रेस आणि ब्रशचं जास्त असेल तर कोल्ड प्रेस असा माझा हिशोब. नुसतं काळंपांढरं करणार असाल तर ब्रिस्टल, म्हणजे गुळगुळीत जाड कार्डासारखा कागद घ्या, त्यावर रेघ काय सुरेख येते, पण पाणी जास्त झालं की तो फुगतो. शाळेतला ड्रॉइंग पेपर कच्च्या कामाला ठीक.

शाईचं जरा नीट समजून घ्या. जुन्या पोथ्यांची शाई काजळी आणि डिंकाची असायची. आपण जिला इंडियन इंक म्हणतो तीही काजळीचीच, पण वॉटरप्रूफ प्रकारात डिंकाऐवजी बहुतेक वेळा लाख असते, म्हणून ती एकदा वाळली की पाण्याने सुटत नाही. याच लाखेमुळे ती फाउंटन पेनात कधीही भरायची नाही, पेन कायमचं बसतं. फाउंटन पेनची शाई मात्र बहुतेक वेळा डायची असते, म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, ती पसरणारच. (कॅमलिनची सुरुवात १९३१ साली शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासूनच झाली होती, पण ती लिहायची शाई, बरं का. दुकानात नुसतं 'काळी शाई द्या' म्हणालात तर आजही लिहायचीच हातात पडते. 'वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक' असं पूर्ण वाक्य बोला.)

तरी बाटलीवर विश्वास ठेवू नका. तुमच्याच कागदाच्या तुकड्यावर एक बारीक रेघ, एक जाड रेघ आणि एक भरीव चौकोन काढा, एक दिवस ठेवा, मग ओला ब्रश त्यावरून तीनचार वेळा फिरवा. पाणी स्वच्छ राहिलं तर शाई पास. जाड भागातून राखाडी सुटलं तर अजून एक दिवस ठेवून परत बघा, भरीव काळं वाळायला रेघेपेक्षा खूप जास्त वेळ घेतं.

टाकाच्या निबा दोन पुरेत: एक 'जी' निब (इंग्रजी G), जी दाबली की जाड आणि सोडली की बारीक रेघ देते, आणि एक बारीक मॅपिंग निब. टाकाला घाबरत असाल तर पिगमेंट इंकचे, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचे, फाइनलाइनर घ्या, ०.१, ०.३, ०.५ आणि ०.८, ते वॉटरप्रूफ असतात. पण त्यांची रेघ सगळीकडे एकाच जाडीची येते आणि चेहरा जरा प्लास्टिकचा वाटतो, माझं मत आहे, पटलं नाही तर सोडा. ब्रश गोल, २ आणि ६ नंबरचे, सिंथेटिक चालतील, फक्त पाण्यात बुडवून झटकल्यावर टोक एकत्र यायला पाहिजे. टोक फुटलं तर तो परत दुकानदाराला द्या. शाईचा ब्रश आणि रंगाचा ब्रश वेगळा, यात अजिबात तडजोड नाही.

रंगाच्या सहा ट्यूब बास: गॅम्बोज, यलो ऑकर, क्रिमसन, बर्न्ट सायना, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू. सोबत पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेतले पोस्टर कलर घरात कुठेतरी वाळून पडले असतीलच, ते सध्या तिथेच राहू देत, का ते पुढे सांगते.

कच्चं काम आणि आधी अक्षरं

वहीत काड्यापेटीएवढे छोटे चौकोन काढून पानाच्या तीनचार रचना करून बघा. इथे चेहरे, बोटं काही नाही, फक्त कोण कुठे उभंय आणि काळं कुठे येणार. आपल्या पानात पहिली ओळ म्हणजे एकच आडवी चौकट, अख्खा स्टँड आणि पाऊस. दुसऱ्या ओळीत तीन अरुंद चौकटी, गाडी येते, छत्री अडकते, पोरगा बघतो, इथे घाई आहे म्हणून चौकटी चिंचोळ्या. तिसऱ्या ओळीत दोन मोठ्या, छत्री उलटी आणि अळूचं पान. आजी पहिल्या चौकटीत डावीकडे असेल तर शेवटपर्यंत शक्यतो डावीकडेच ठेवा, उगाच बाजू बदलली की वाचणारा गोंधळतो.

आता ए३ वर २६ बाय ३७ सेंटिमीटरची बाहेरची चौकट आखा. चौकटींमधली फट ७ मिलिमीटर, म्हणजे तीन ओळी साधारण ११.९ सेंटिमीटरच्या येतात. ए३ चं ए४ करताना सगळं ७१ टक्क्यांवर येतं, म्हणजे ती फट छापताना ५ मिलिमीटर होते आणि थरथरलेल्या रेघाही लहान होऊन बऱ्या दिसायला लागतात. मोठं काढून लहान छापायचं यातला निम्मा फायदा हाच आहे.

आणि आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. चित्राच्या आधी संवाद लिहा. पेन्सिलने, खऱ्या मापात, खऱ्या जागी. बहुतेक जण चित्र पूर्ण करतात आणि मग उरलेल्या कोपऱ्यात फुगा कोंबतात, आणि मराठीत हे इंग्रजीपेक्षा जास्त महाग पडतं कारण आपल्या अक्षरांना वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. इंग्रजी कॉमिकमधे बहुतेक वेळा सगळी कॅपिटल अक्षरं असतात म्हणून ओळी चिकटून लिहिल्या तरी चालतं, आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. मी ए३ वर अक्षराची उंची शिरोरेघेपासून खाली ४.५ मिलिमीटर आणि एका शिरोरेघेपासून दुसरीपर्यंत १० मिलिमीटर ठेवते, छापल्यावर आरामात वाचता येतं. ओळी पेन्सिलने आखून घ्या, कित्ता गिरवल्यासारखं हळू लिहा, ०.५ किंवा ०.८ चा पेन पुरतो. शब्द तोडून दुसऱ्या ओळीत नेऊ नका. आजीचं वाक्य तीन ओळींच्या वर जात असेल तर आजी जास्त बोलतीये, कापा. आधी अक्षरं, मग त्यांच्याभोवती फुगा, फुग्यात चारही बाजूंनी अर्धं बोट हवा. आणि जो आधी बोलतो त्याचा फुगा वर आणि डावीकडे, एवढं पाळलं तरी खूप झालं.

पेन्सिल

चांगल्या कागदावर खोडाखोड करायची नाही. वॉटरकलरच्या कागदावर एक थर असतो ज्याच्यामुळे पाणी वर राहतं, खोडरबर घासघासून तो गेला की तिथे रंग टीपकागदासारखा शोषला जातो आणि डाग पडतो, आणि तो डाग नेमका आजीच्या गालावर पडतो. म्हणून चित्र साध्या कागदावर पूर्ण करा आणि मग उतरवा. ऊन असेल तर खिडकीच्या काचेला दोन्ही कागद चिकटवून गिरवा. पावसाळ्यात ऊन नाही, मग साध्या कागदाच्या मागच्या बाजूला ४बी पेन्सिल घासा, जास्तीची पावडर झटका, चांगल्या कागदावर ठेवून वरून बॉलपेनने हलक्या हाताने गिरवा. दुकानातला निळा कार्बन पेपर नको, त्याचा मेण पुसला जात नाही आणि त्यावर रंगही बसत नाही.

जो भाग पूर्ण काळा भरायचाय तिथे पेन्सिलने छोटी फुली मारून ठेवा. इंकिंग करताना डोकं चालत नाही, हात चालतो, तेव्हा या फुल्या उपयोगी पडतात.

इंकिंग

नवीन निबेवर तेलाचा पातळ थर असतो, तसाच टाक बुडवला तर शाई थेंब होऊन घरंगळते. निब कच्च्या बटाट्यात दोन मिनिटं खुपसून ठेवा आणि पुसा, किंवा टूथपेस्ट लावून धुवा. टाक निबेच्या भोकापर्यंतच बुडवायचा, बाटलीच्या कडेला टेकवून जास्तीची शाई सोडायची, आणि पहिली रेघ कायम रद्दी कागदावर. निब स्वतःकडे ओढायची, पुढे ढकलायची नाही, ढकलली की टोक कागदात रुततं आणि शिंतोडे. त्यापेक्षा कागद फिरवा. मोठी बाटली पानाशेजारी ठेवू नका, एका बुटक्या झाकणात थोडी शाई काढून ते झाकण डबल टेपने टेबलाला चिकटवा. आमच्याकडे मांजर आहे, त्यामुळे हे मी फार लवकर शिकले.

क्रम असा: आधी अक्षरं आणि फुगे, मग चौकटींच्या रेघा, मग माणसं, मग मागची चित्रं, आणि भरीव काळं सगळ्यात शेवटी. पट्टीने रेघ मारताना पट्टीची उतरती बाजू खाली करा म्हणजे कड कागदापासून थोडी उचललेली राहते, नाहीतर शाई खाली शिरून लांबलचक डाग होतो. उजव्या हाताचे असाल तर डावीकडून उजवीकडे सरका, डावखुरे उलट, आणि हाताखाली एक स्वच्छ कागद ठेवा कारण हाताचा घाम आणि तेल लागलं की रंग तिथे बसत नाही.

जवळची वस्तू जाड रेघेत, लांबची बारीक. आजीच्या लुगड्याचा काठ, पिशवी, छत्रीचा दांडा 'जी' निबने, मागचा फलाट आणि वेळापत्रकाचा फळा मॅपिंग निबने. चेहऱ्यावर रेघा कमी. आजी म्हातारी आहे म्हणून कपाळभर सुरकुत्या काढायचा मोह होतो, पण डोळ्याच्या कडेला दोन आणि तोंडाशी एक एवढ्यात आजी तयार होते, जास्त काढल्या की चेटकीण.

ब्रश पोटापर्यंत शाईत भिजवा पण धातूच्या पट्टीपर्यंत नाही, लाख आत जाऊन वाळली की केस फुटतात आणि मग तो ब्रश फक्त भरीव काळं करायच्या लायकीचा राहतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी पाण्यात खंगाळा. काम संपल्यावर साबणाने धुवून, बोटांनी टोक करून आडवा वाळत ठेवा, पाण्याच्या ग्लासात उभा सोडू नका. अर्धा कोरडा ब्रश कागदावर झपकन ओढला की तुटक खरखरीत फटकारा येतो, ओल्या डांबरी रस्त्याला आणि एसटीच्या चिखलाने माखलेल्या टायरला तो एकदम फिट.

पावसाच्या सगळ्या रेघा आत्ता काढायच्या नाहीत. फक्त उजेड असलेल्या भागात, पट्टीशिवाय, एकाच तिरक्या दिशेने, थोड्या तुटक आणि कमी-जास्त लांबीच्या दहाबारा रेघा पुरेत. काळ्या भागातला पाऊस शेवटी पांढऱ्याने येईल.

आता थांबा. पूर्ण एक दिवस, आणि पावसाळा असेल तर दोन. पंखा चालेल, हेअर ड्रायर नको, वरचा थर वाळतो, आतला ओलाच राहतो आणि तुम्हाला खोटा आत्मविश्वास येतो. मग मऊ खोडरबरने पेन्सिल अलगद उचला. शाई थोडी फिकी होईल, महत्त्वाच्या जागा परत गडद करा आणि परत वाळू द्या. आणि याच वेळी, रंगाचा पहिला थेंब पडायच्या आधी, पान ६०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन करून ठेवा. रंग बिघडला तरी रेघा हातात राहतात. फ्रेंच-बेल्जियन कॉमिकवाले तर हा प्रश्न वेगळाच सोडवायचे, रेघा पारदर्शक फिल्मवर आणि रंग दुसऱ्या कागदावर, जिथे त्याच रेघा फिक्या निळ्यात छापलेल्या असत, म्हणजे रंग चुकला तर मूळ पानाला धक्का नाही. आपला स्कॅन म्हणजे त्याचाच गरीब भाऊ.

रंग

पान बोर्डवर चारही बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवा. ३०० जीएसएमचा कागदही थोडा फुगतो पण वाळल्यावर बसतो.

रंगांचा विचार चौकटीनुसार न करता अख्ख्या पानाचा करा. आपल्या पानात सगळं पावसाळी राखाडी, एसटी लाल, आणि हिरवा रंग शेवटच्या चौकटीपर्यंत दाबून ठेवायचा. झाडं असली तरी निळसर राखाडीत ढकला, फक्त पहिल्या चौकटीत पिशवीतून नखभर हिरवं दिसू दे. मग शेवटी अळूचं पान आलं की डोळा थेट तिथे जातो, त्याला बाण दाखवावा लागत नाही.

राखाडीसाठी काळा रंग वापरू नका, मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिसळा, निळा जास्त तर थंड पावसाचं राखाडी, सायना जास्त तर चिखलाचं. या एकाच मिश्रणाने आधी सगळ्या पानाच्या सावल्या टाकून घ्या, फलाटाखाली, आजीच्या पदराआड, गाडीच्या पोटाखाली. वाळू दे. त्यावर मग एकेका वस्तूचा पातळ रंग, सावली आधीच आहे त्यामुळे रंग सपाट लावला तरी चित्र उठतं. त्वचेला बर्न्ट सायना भरपूर पाण्यात आणि चिमूटभर यलो ऑकर. एसटीला क्रिमसनमधे थोडा गॅम्बोज. अळूला प्रशियन ब्लू आणि गॅम्बोज, देठाकडे टोचभर क्रिमसन, आणि शिरा पांढऱ्या सोडा.

आकाशाला बोर्ड थोडा तिरका ठेवा, रंग लागेल त्यापेक्षा दुप्पट कालवून घ्या कारण मधेच संपला तर तीच छटा परत होत नाही, आणि वरून खाली आडवे फटकारे मारत प्रत्येक वेळी खाली जमलेला ओघळ पुढे न्या. शेवटचा ओघळ पिळलेल्या ब्रशने उचला. अर्धवट वाळलेल्या जागेला हात लावलात तर फ्लॉवरसारखे डाग फुटतात, एकतर पूर्ण ओलं किंवा पूर्ण कोरडं. वाळलंय का ते हाताच्या मागच्या बाजूने बघा, गार लागलं तर ओलं आहे. पावसाळ्यात एका वॉशला अर्धा-पाऊण तास सहज जातो, तेवढ्यात कुकर लावून होतो.

आता पोस्टर कलरचं. ते अपारदर्शक असतात, तुमच्या मेहनतीच्या काळ्या रेघा सरळ झाकून टाकतात, शिवाय वाळल्यावरही पाण्याने परत सुटतात म्हणून वर दुसरा थर घासला की खालचा उचलला जातो. त्यामुळे रेघा असलेल्या जागी वॉटरकलर, आणि पोस्टर फक्त जिथे रेघा नाहीत तिथे, दह्याएवढा दाट आणि एकाच हातात. जाड थापला की वाळून तडकतो. दुकानात बाटलीतले झगझगीत फोटो कलरही मिळतात, मोह आवरा, ते डाय असतात, उजेडात उडतात. छापण्यापुरतं काम असेल तर चालतील, पान भिंतीवर लावायचं असेल तर नाही.

सगळं खडखडीत वाळल्यावर पांढरा. काळ्या फलाटासमोरच्या पावसाच्या रेघा बारीक ब्रशने, वरच्याच तिरकेपणात. गाडीच्या चाकाशी उडणाऱ्या पाण्यासाठी जुना टूथब्रश पांढऱ्यात बुडवून अंगठ्याने झटका, चेहरे आणि फुगे आधी कागदाने झाकून. डोळ्यातला ठिपका पांढऱ्या जेल पेनने. चुकलेल्या रेघाही यानेच झाका, पण त्यावर परत शाई मारायची असेल तर पांढरा पूर्ण वाळू द्या, नाहीतर रेघ फुटते.

टेप काढताना चित्रापासून बाहेरच्या दिशेने, अगदी कागदालगत, हळू ओढा. चिकटून बसली असेल तर ड्रायरची थोडी ऊब द्या, इथे मात्र ड्रायर चालतो.

स्कॅन आणि ठेवणं

रंगीत पान ३०० डीपीआयला पुरतं. बरेच स्वस्त, चपटे स्कॅनर सीआयएस प्रकारचे असतात, त्यांना काचेला टेकलेलंच नीट दिसतं, फुगलेला कागद धूसर येतो, म्हणून पान आधी दोन स्वच्छ कागदांमधे घालून वर जाड पुस्तकं ठेवून एक रात्र दाबा. ए३ स्कॅनर घरी नसतो, दोन भागात स्कॅन करून जोडा, चारेक सेंटिमीटर दोन्हीकडे सारखं येऊ द्या. फिके वॉश स्कॅनमधे गायब होतात हे गृहीत धरा, फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल्सने थोडे परत आणता येतात. फोनने काढायचा असेल तर फोटो दारातल्या सावलीत, सकाळी, फोन कागदाला समांतर, आणि लांबून झूम करून, जवळून काढला तर चौकटी पोटातून फुगतात.

मूळ पान प्लास्टिकच्या फोल्डरमधे सीलबंद करू नका, इकडच्या हवेत आतल्या आत बुरशी धरते. दोन पानांमधे बटर पेपर, पुठ्ठ्याच्या फोल्डरमधे आडवं, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, बुटाच्या खोक्यातल्या जमवून ठेवते मी, आणि फोल्डर लोखंडी कपाटात पण बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या खणात नाही. गणपती झाले की एकदा सगळी पानं काढून पंख्याखाली पसरायची.